वेगवृद्धी स्वस्त झाली; तिची किंमत कोण मोजणार?

मोटारींच्या शौकिनांमध्ये एक वाद वर्षानुवर्षे हिरिरीने चालत आला आहे. कसबी मेकॅनिकने फेरबदल करून वेगवान केलेली जुनी मोटार श्रेष्ठ, की कारखान्यातून थेट बाहेर पडलेली आजची नवी मोटार श्रेष्ठ, हा तो वाद होय. निकष म्हणून बहुधा एकच आकडा पुढे केला जातो. उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठण्यास किती सेकंद लागतात, हा तो आकडा. शाळेच्या पुस्तकात ज्याला त्वरण म्हणतात, त्याचेच हे बाजारातले माप आहे. शिक्षक, कारकून व विद्यार्थी यांना या वादाशी काय कर्तव्य, असे प्रथमदर्शनी वाटेल. आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात एखादी दुचाकी असते. फार झाले तर हप्त्यांवर घेतलेली लहान मोटार असते. तथापि या सेकंदांच्या हिशेबात राज्याची करनीती, वाहन कायदा आणि रस्त्याने पायी जाणाऱ्या माणसाचा जीव या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत. म्हणून या वादाकडे शौकिनांच्या नव्हे, तर नागरिकांच्या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते या वादाचा निकाल आता लागलेला आहे आणि तो नव्या मोटारीच्या बाजूने लागला आहे. परंतु तो ज्या कारणांनी लागला, ती कारणे चिंता वाटावी अशी आहेत. जुन्या मोटारीतून तीव्र वेगवृद्धी मिळवणे हे खर्चाचे, कष्टाचे आणि कौशल्याचे काम होते. या अडचणींमुळेच अशी वेगवृद्धी मूठभरांपुरती राहिली. ही मर्यादा कोणत्याही कायद्याने घातलेली नव्हती. ती परिस्थितीने घातली होती. आज ती नाहीशी झाली आहे. तिची जागा घेणारी दुसरी मर्यादा आपण घातलेली नाही. इतकेच नव्हे, तर आपल्या कररचनेने या नव्या वेगवृद्धीला अजाणता उत्तेजनच दिले आहे.

तुलनेचे पथ्य

तुलनेपूर्वी एक पथ्य पाळले पाहिजे. अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना बजावतो की, दोन वेगळ्या वर्षांच्या किमती आधारवर्ष न पाहता शेजारी मांडू नयेत. मोटारीच्या सेकंदांनाही हाच नियम लागू आहे. कुणी ताशी १०० किलोमीटरपर्यंतचा काळ सांगतो, तर कुणी ताशी ६० मैलांपर्यंतचा, म्हणजे साडेशहाण्णव किलोमीटरपर्यंतचा. अमेरिकेतील शर्यतींच्या प्रथेप्रमाणे मोटार सुमारे एक फूट पुढे सरकल्यावर घड्याळ सुरू होते. त्यामुळे पाव सेकंदाच्या आसपास फायदा आयताच पदरात पडतो. रस्ता कोरडा होता की ओला, टायर शर्यतीचे होते की नित्याचे, आत माणसे किती बसली होती, या प्रत्येक गोष्टीने आकडा बदलतो. कंपनीने जाहीर केलेला काळ आणि मालकाला प्रत्यक्ष मिळणारा काळ यांतही अंतर असते. तेव्हा दशांश चिन्हापुढच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये. पण फरक जेव्हा चार-पाच सेकंदांचा असतो, तेव्हा या सर्व सबबी वजा जाता निष्कर्ष तोच राहतो.

जुन्या मोटारीचे अर्थकारण

परवाना राजवटीच्या काळात आपल्या देशात वेगवान मोटार विकत मिळतच नसे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून जी फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडे, तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे आणि शक्ती चाळीस-एक अश्वशक्तीची होती. तीसुद्धा नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळे. परदेशी मोटारीवरील जबर आयात शुल्क तर सर्वश्रुतच होते. साहजिकच ज्याला वेग हवा असे, त्याला तो विकत घेता येत नसे; घडवून घ्यावा लागे. इंजिनाचे हेड घासून घेणे, जास्तीचा कार्ब्युरेटर बसवणे, कॅमशाफ्ट बदलणे, धूर बाहेर नेणारी नळी मोकळी करणे, आतील आसने काढून वजन घटवणे, ही सारी कामे कातारी आणि मेकॅनिक यांच्या हातची होती. मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या विमानधावपट्टीवर अशा फेरबदल केलेल्या मोटारींच्या शर्यती होत.

१९९१ नंतर बाजार खुला झाला. कुर्ल्याच्याच कारखान्यातून २००१ साली फियाट पालिओ आली. तिच्या १.६ लिटर इंजिनाच्या मोटारीची शक्ती शंभर अश्वशक्तीच्या घरात होती. होंडा सिटीचे व्हीटेक इंजिनही त्याच सुमाराचे. ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठण्यास या मोटारींना दहा-अकरा सेकंद लागत आणि त्या काळी हा आकडा मोठ्या कौतुकाने सांगितला जाई. पुण्या-मुंबईच्या गॅरेजांतून यांच्यावर टर्बो चढवले गेले, इंधनपुरवठ्याची यंत्रणा बदलली गेली. लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती भरू लागल्या, तेव्हा जुन्या फेरबदल केलेल्या मोटारी आणि नव्या परदेशी मोटारी यांची गाठ एकाच पट्टीवर पडली.

या जुन्या मोटारींची एक अडचण मात्र कुठलाही मेकॅनिक दूर करू शकत नव्हता, ती म्हणजे पदार्थविज्ञानाची. मोटार पुढे ढकलली जाते ती इंजिनाने नव्हे, तर टायर आणि रस्ता यांमधील घर्षणाने. नित्याच्या चांगल्या टायरची पकड पाहता, चारही चाकांचा पूर्ण उपयोग झाला तरी ताशी १०० किलोमीटर गाठण्यास पावणेतीन-तीन सेकंद लागणारच. शक्ती दोनच चाकांना मिळत असेल आणि त्यांच्यावर मोटारीचे साठ टक्के वजन असेल, तर ही सीमा पावणेपाच सेकंदांपर्यंत मागे सरकते. पालिओ किंवा सिटी यांसारख्या मोटारींत शक्ती पुढच्या चाकांना मिळते आणि मोटार उसळी घेताना वजन मागच्या चाकांवर झुकते. म्हणजे जेथे पकड हवी तेथेच ती कमी पडते. अश्वशक्ती दुप्पट केली तरी चाके जागच्या जागी फिरतात, टायर झिजतात आणि सेकंद मात्र निम्मे होत नाहीत. प्रत्येक वाचवलेल्या सेकंदाला आधीच्या सेकंदाहून अधिक पैसा मोजावा लागतो. घटत्या सीमांत फलाच्या नियमाचे इतके स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही क्वचितच सापडेल.

त्यात चालवणाराचे कौशल्य मिळवा. क्लच किती सोडावा, इंजिन किती फिरवावे, गिअर नेमका केव्हा बदलावा, यावर एक-दीड सेकंदाचा फरक पडे. नवशिक्याच्या हातात तीच मोटार बंद पडे किंवा नुसतीच भुरभुरे. वेगवान मोटार असणे आणि ती वेगाने नेता येणे या दोन निराळ्या गोष्टी होत्या.

विजेच्या मोटारीने काय बदलले

विजेच्या मोटारीने या तिन्ही अडचणी एका फटक्यात दूर केल्या. विजेची मोटर पहिल्या फेऱ्यापासूनच पुरा जोर देते. गिअर बदलण्याचा खंड तिच्यात नाही. पुढे व मागे अशा दोन मोटरी बसवल्या की चारही चाकांची पकड कामी येते. कोणते चाक घसरते आहे हे यंत्रच क्षणाक्षणाला पाहते आणि जोर आवरते. २०२५ च्या जून महिन्यात बाजारात आलेल्या टाटा हॅरिअरच्या विजेवरील, चारही चाकांना शक्ती देणाऱ्या मोटारीचा कंपनीने सांगितलेला काळ ६.३ सेकंदांचा आहे. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ या मोटारीचा काळ ६.७ सेकंद सांगितला जातो. या काही शर्यतीच्या मोटारी नव्हेत. मुलेबाळे आणि सामानसुमान घेऊन गावी जाण्याच्या या कौटुंबिक मोटारी असून त्या तीस लाखांच्या आतल्या किमतीत बाजारात आल्या.

आता जुन्या काळच्या नामांकित मोटारींकडे पाहा. पोर्शे कंपनीच्या ९११ या जगप्रसिद्ध मोटारीला १९६४ साली १३० अश्वशक्तीच्या बळावर हे काम करण्यास ९.१ सेकंद लागत. १९७५ ची टर्बो मोटार २६० अश्वशक्तीची होती, तिला साडेपाच सेकंद लागत, आणि चालवण्यास अवघड अशी तिची ख्याती होती. २००२ साली सचिन तेंडुलकर यांना भेट मिळालेल्या फेरारी ३६० मोडेनाचा काळ साडेचार सेकंदांचा. तात्पर्य, १९६४ च्या पोर्शेला आजच्या देशी कौटुंबिक मोटारीने सहज मागे टाकले आहे आणि १९७५ च्या टर्बोपासून ती सेकंदभरच दूर आहे. कुर्ल्याच्या पालिओवर खिसा रिकामा करून, गॅरेजमध्ये महिनोन्‌महिने घालवून जो आकडा क्वचित हाती लागे, तो आज हप्त्यांवर मिळतो.

ऊर्जेचा हिशेब तर अधिक बोलका आहे. दोन टन वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटरला नेण्यास लागणारी ऊर्जा विजेच्या परिभाषेत एक पंचमांश युनिटाहून किंचित अधिक भरते. यंत्रातली गळती धरली तरी पाव युनिट पुरावे. घरगुती दराने पाहिले तर हा खर्च हॉटेलातल्या चहाच्या कपाहूनही कमी आहे. पूर्वी गॅस पेडलवर पाय दाबताना पेट्रोलचा काटा डोळ्यांपुढे येई आणि मध्यमवर्गीयाचा पाय आपोआप आवरे. तो लगामही आता सुटला. आणि कौशल्याचा प्रश्न तर उरलाच नाही. सतरा वर्षांच्या मुलाचा पाय आणि तीस वर्षे मोटार चालवलेल्या माणसाचा पाय यांत ही मोटार भेद करीत नाही.

रस्त्यावरचा ताळेबंद

येथे शौकिनांचा वाद संपतो आणि नागरिकांचा प्रश्न सुरू होतो. ६.३ सेकंद म्हणजे किती वेळ? सात मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास वयस्क माणसाला साधारणतः सहा-सात सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ही मोटार स्थिर अवस्थेतून निघून ८५-९० मीटर अंतर कापते आणि ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने त्याच्यापुढे येऊन ठाकते. आपण पादचारी रस्ता ओलांडताना मोटार किती दूर आहे, एवढेच पाहत नाही. ती किती वेगाने जवळ येईल याचाही अंदाज बांधतो. हा अंदाज आपल्या पिढ्यांनी पद्मिनी, मारुती आणि एसटीची बस पाहून बांधलेला आहे. नव्या मोटारीपुढे तो साफ चुकतो, आणि इंजिनाच्या आवाजाची पूर्वसूचनाही मिळत नाही.

वेग वाढवणे यंत्राने सोपे केले. परंतु माणसाला धोका उमगून पाय ब्रेकवर जाण्यास लागणारा सेकंद काही कमी झालेला नाही. कोरडा रस्ता आणि उत्तम ब्रेक गृहीत धरले, तरी ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने जाणारी मोटार थांबण्यास सुमारे २६ मीटर लागतात. ताशी १०० ला हेच अंतर ७५ मीटरांच्या पुढे जाते. वेग दुप्पट, अंतर जवळजवळ तिप्पट. या बाबतीत जुन्या फेरबदल केलेल्या मोटारीची बाजू घेता येणार नाही. तिचे इंजिन नवे आणि ब्रेक जुनेच, असा प्रकार सर्रास असे. नव्या मोटारीचे ब्रेक, एअरबॅग, घसरण आवरणारी यंत्रणा या सर्वच गोष्टी निःसंशय उत्तम आहेत. पण ही सुरक्षितता मुख्यतः आत बसलेल्यांसाठी आहे. दोन टनांच्या मोटारीपुढे सायकलवरच्या विद्यार्थ्याला कसली एअरबॅग?

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्यू पावली. महाराष्ट्रात १५ हजार २२४. देशातील एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदले गेले. मृतांमध्ये दुचाकीवरचे सुमारे ४४ टक्के आणि पादचारी १९ टक्क्यांहून अधिक होते. याचा अर्थ हे सारे मृत्यू वेगवान विजेच्या मोटारींमुळे झाले, असा मुळीच नाही. तसे म्हणणे आकड्यांशी प्रतारणा ठरेल. त्या वर्षी अशा मोटारी रस्त्यावर थोड्याच होत्या. आकडे एवढेच सांगतात की, वेगाचा भुर्दंड आजही प्रामुख्याने मोटारीबाहेरची माणसे भरतात. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली मांडलेला विचार येथे तंतोतंत लागू पडतो. एखाद्याच्या उपभोगाचा खर्च त्रयस्थावर पडत असेल, तर बाजारातली किंमत खोटी असते आणि ती खरी करण्याचे काम राज्यसंस्थेने करावयाचे असते.

वेगवृद्धीला आणखी एक पैलू आहे. १९७६ साली फ्रेड हर्श यांनी दाखवून दिले की, काही वस्तूंचे मोल त्या इतरांपाशी नसण्यात असते. सहा सेकंदांच्या मोटारीचा आनंद शेजाऱ्यापाशी दहा सेकंदांची मोटार असेतोवरच टिकतो. शेजाऱ्यानेही सहाची घेतली की याला चारची हवीशी वाटते. या चढाओढीत कोणाचेच समाधान वाढत नाही. रस्ता मात्र सर्वांसाठी अधिक धोक्याचा होतो.

शिक्षा गॅरेजला, सवलत शोरूमला

आपला कायदा या परिस्थितीकडे कसा पाहतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मोटारीत करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हा दंडक अधिक ठाम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरबदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड अशी तरतूद झाली. हे योग्यच आहे. परंतु यातली विसंगती पाहण्याजोगी आहे. गॅरेजवाल्याने जुन्या पालिओचा काळ अकरावरून नऊ सेकंदांवर आणला तर तो गुन्हा. कारखान्याने सहा सेकंदांची मोटार विकली तर ती प्रगती. कायद्याचा आक्षेप वेगवृद्धीला नसून कागदावरील विसंगतीला आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ खाली गुन्हा आहे, पण शर्यतीची क्षमता विकण्यावर कसलेही बंधन नाही. लहान मोटारीवर परीक्षा देऊन मिळालेला परवाना पाचशे अश्वशक्तीच्या मोटारीलाही चालतो.

करांची गोष्ट याहून विलक्षण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल मोटारीवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे, लहान मोटारीवर १८ टक्के, आणि विजेच्या मोटारीवर, मग ती कितीही महाग व कितीही वेगवान असो, ५ टक्के. महाराष्ट्रात विजेच्या मोटारींना मोटार वाहन करातून सूट मिळत आली. २०२५ च्या धोरणाने समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू यांवर टोलमाफीही जाहीर केली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरील विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचवण्यात आला होता. पण महिना संपण्याच्या आतच तो मागे घेण्याची घोषणा मुख्यमंत्र्यांनी केली.

या धोरणाचा परिणाम किती टोकाचा असू शकतो, याचे दर्शन पुण्यात घडले. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात पोर्शे टायकन या विजेवरील मोटारीच्या धडकेने दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते प्राणास मुकले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा मद्याच्या अमलाखाली चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. प्रकरणाच्या न्यायालयीन बाजूत शिरण्याचे येथे कारण नाही. अपघातानंतर परिवहन खात्याने दिलेली एक माहिती मात्र अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने विसरू नये. कोटीहून अधिक किमतीच्या त्या मोटारीची कायम नोंदणी अडून राहिली होती ती केवळ १,७५८ रुपयांच्या शुल्कासाठी. वीज मोटारींना कर माफ असल्याने सरकारी तिजोरीत भरावयाची रक्कम एवढीच होती. वर्गणी काढून घेतलेल्या जुन्या स्कूटरच्या कागदपत्रांसाठी विद्यार्थ्याला किती खेपा घालाव्या लागतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला या आकड्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे तेंडुलकर यांच्या फेरारीची आठवण होणे अपरिहार्य आहे. २००३ साली त्या एका मोटारीवरचे सुमारे १ कोटी १३ लाख रुपयांचे आयात शुल्क माफ करण्याचे सरकारने ठरवले, तेव्हा देशभर वादळ उठले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि अखेर शुल्क मोटार कंपनीने भरले. तेंडुलकरांवर लोकांचा राग नव्हता. श्रीमंती वेगाला सार्वजनिक तिजोरीतून सूट का, हा प्रश्न लोकांनी विचारला होता. आज तीच सूट एका मोटारीला नव्हे, तर एका सबंध वर्गाला नियमाने मिळते आहे, आणि तो प्रश्न कोणी विचारत नाही.

आक्षेप आणि उपाय

विजेच्या मोटारींना सवलत हवीच, नाही तर प्रदूषण कसे आटोक्यात येणार, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. परंतु धूर कमी होतो तो मोटार विजेवर चालल्याने. ती सहा सेकंदांत शंभर गाठते म्हणून नव्हे. बारा सेकंदांची विजेची मोटारही तेवढीच निर्धूर असते, बहुधा हलकी आणि स्वस्तही असते. सवलत विजेला द्यावी, वेगवृद्धीला देऊ नये, इतकाच येथे आग्रह आहे. मालमोटारीला ओलांडताना चपळ मोटार सुरक्षित ठरते, हा दुसरा आक्षेप. अमरावती-परतवाडा रस्त्यावर संत्र्यांच्या हंगामात ट्रॅक्टरमागे अडकलेल्या कुणालाही तो पटेल. पण त्यासाठी दहा सेकंदांची चपळाई पुरेशी होते. चार सेकंदांची लागत नाही.

इतर देशांनी या प्रश्नाला हात घातला आहे. ऑस्ट्रेलियातील काही राज्यांत नव्या परवानाधारकाला दर टन वजनामागे १३० किलोवॅटहून अधिक शक्तीची मोटार चालवता येत नाही. चीनने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांच्या मसुद्यात असे सुचवले की, मोटार दर वेळी सुरू होताना तिचा शंभरपर्यंतचा काळ पाच सेकंदांहून कमी नसावा. अधिक वेग हवा असेल तर चालकाने तो जाणूनबुजून निवडावा. विजेच्या मोटारींची सर्वांत मोठी बाजारपेठ असलेल्या देशाला असा नियम सुचवावासा वाटला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हे तत्त्व आपल्यालाही परके नाही. सोळा वर्षांच्या मुलाला ५० घनसेंटिमीटरपर्यंतचीच, गिअर नसलेली दुचाकी चालवता येते, असे आपला कायदा सांगतोच. वयाप्रमाणे शक्तीला मर्यादा हे तत्त्व दुचाकीला मान्य असेल, तर चारचाकीला अमान्य असण्याचे कारण नाही.

यावरून चार सूचना निघतात. एक, मोटारीच्या नोंदणी पुस्तकात वजन व शक्ती यांचे प्रमाण ठळकपणे नोंदवावे आणि परवान्याच्या पहिल्या काही वर्षांसाठी त्यावर मर्यादा घालावी. दोन, मोटार सुरू होताना सौम्य अवस्थेतच सुरू व्हावी, असे उत्पादकांवर बंधन असावे. आजच्या मोटारींत हा केवळ आज्ञावलीचा प्रश्न आहे, त्यासाठी कारखाना बदलावा लागत नाही. तीन, करसवलतीला किंमत आणि शक्ती यांची कमाल मर्यादा जोडावी आणि तीतून वाचणारा पैसा पदपथ, गतिरोधक व शाळांपुढील रस्त्यांवर खर्च करावा. चार, ज्यांना यंत्रांत खरोखर रस आहे, त्यांच्यासाठी मान्यताप्राप्त धावपट्ट्या आणि फेरबदलांच्या तपासणीची सोपी व्यवस्था असावी. पुण्यात १९६६ पासून वाहन संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनाचे भाग ओतणारे आणि कातणारे कसबी हात आहेत. हे कसब गुन्हा म्हणून गाडून टाकण्यापेक्षा बंदिस्त धावपट्टीवर त्याला वाव देणे शहाणपणाचे होईल.

वऱ्हाडातल्या वाचकांना सेकंदांचे वेड नवे नाही. तळेगाव दशासरच्या शंकरपटात बैलजोडीची धाव सेकंदाच्या अंशापर्यंत मोजली जाते. त्या धावेवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०१७ साली राज्याने कायदा केला आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने तो मान्य केला. तो वाद मुख्यतः मुक्या जनावरांच्या छळाचा होता, हे खरे. पण एका बैलजोडीच्या काही सेकंदांसाठी देशाने नऊ वर्षे काथ्याकूट केला आणि जागा, नियम व देखरेख ठरवूनच पट पुन्हा सुरू झाला. दोन टनांच्या मोटारीच्या सहा सेकंदांसाठी विधिमंडळात तासभराचीही स्वतंत्र चर्चा होऊ नये काय? तिची धाव तर आखलेल्या पटावर नसते. चांदूर बाजारसारख्या गावात ती बाजाराच्या दिवशी, शाळा सुटण्याच्या वेळी, तुमच्या-आमच्या रस्त्यावरून होते. पुढील अर्थसंकल्पात विजेच्या मोटारींच्या सवलतींचा विषय येईल, तेव्हा आपल्या आमदारांना हा प्रश्न विचारण्याचे काम मोटारींच्या शौकिनांवर सोपवून चालणार नाही. ते रस्ता पायी ओलांडणाऱ्यांनीच केले पाहिजे.